रेणू दाखवणारी खिडकी गेली कुठे?

प्रश्न : प्रथिनांची त्रिमितीय रचना पाहण्यासाठी विंडोज लॅपटॉपवर व्हीएमडी टाकले. काळी कमांडची खिडकी आणि मुख्य मेनू उघडतो, पण चित्राची खिडकी दिसतच नाही. पुन्हा इन्स्टॉल करू का?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : नको, त्याने बहुधा काहीच बदलणार नाही. व्हीएमडीच्या तिन्ही खिडक्या सुट्या असतात. आधी ऑल्ट-टॅब दाबून पाहा. ओपनजीएल डिस्प्ले नावाची खिडकी यादीत असेल, तर ती मागे दडली आहे किंवा पडद्याबाहेर उघडली आहे. दुसरा मॉनिटर जोडून काढला असेल तर असे हमखास होते. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत ‘डिस्प्ले रिपोझिशन 300 500’ लिहून एंटर दाबा. आकडे जागेचे आहेत, हवे तसे बदला.

यादीत ती नसेलच, तर संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर. काळ्या खिडकीतल्या सुरुवातीच्या ओळींत ओपनजीएल रेंडरर म्हणून काय छापले आहे ते वाचा. (या ओळी कुणी वाचत नाही, खरे उत्तर मात्र अनेकदा तिथेच असते.) ‘जीडीआय जेनेरिक’ दिसले, तर कार्डाचा ड्रायव्हर वापरातच नाही, तो कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. तरीही अडले, तर त्या ओळी जशाच्या तशा आम्हाला कळवा.