नाव, नकाशा आणि राज्यकारभार : मध्य आफ्रिका व मराठवाडा यांविषयीचा एक पाठ

आमच्या शाळेच्या वाचनालयात एक जुना नकाशासंग्रह आहे. त्यातील आफ्रिकेच्या पानावर, खंडाच्या अगदी मध्यभागी, ‘झैरे’ नावाचा विस्तीर्ण देश छापलेला आहे. भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, हा देश आता कुठे गेला?’ देश कुठेही गेलेला नाही. त्याचे नाव गेले, एवढेच उत्तर त्या दिवशी देता आले. प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. कारण ज्या गावात आम्ही शिकवतो त्या गावालाही दोन नावे आहेत. मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील स्थानकाच्या पाटीवर हिमायतनगर, आणि वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही वाढोणा. गावांची, नद्यांची, विद्यापीठांची आणि माणसांची नावे कोण ठेवतो, कोण बदलतो, आणि बदलल्यावर राज्यकारभारात नेमके काय बदलते, याचा हा पाठ माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या हरवलेल्या देशाकडे वळू. काँगो नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश 1885 पासून बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी मालमत्ता होता. एखाद्या जहागिरीप्रमाणे एका माणसाच्या नावे एवढा मोठा देश! रबराच्या वसुलीसाठी तेथे जे अत्याचार झाले त्यांचा जगभर बोभाटा झाल्यावर 1908 मध्ये तो बेल्जियम सरकारकडे गेला. 30 जून 1960 रोजी काँगो स्वतंत्र झाला तेव्हा सोन्याची, तांब्याची, हिऱ्यांची भूमी असलेल्या त्या देशात विद्यापीठाचे पदवीधर अगदी मोजके होते. परकीय सत्तेने लोकांना हिशेबनीस आणि कारकून होऊ दिले, कारभारी होऊ दिले नाही. पहिले पंतप्रधान पॅट्रिस लुमुम्बा यांची 17 जानेवारी 1961 रोजी कटांगा प्रांतात हत्या झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेत लढताना कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया हे एलिझाबेथव्हिल येथे धारातीर्थी पडले व त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ते शहर आज शोधू गेल्यास नकाशावर लुबुंबाशी या नावाने सापडते.

1965 मध्ये सेनापती मोबुटू यांनी सत्ता बळकावली. राजधानी लिओपोल्डव्हिलची किन्शासा झाली. 1971 मध्ये देशाचे व नदीचे नाव झैरे ठरले. पाठोपाठ नागरिकांनी आपली ख्रिस्ती नावे टाकून आफ्रिकी नावे घ्यावीत, पुरुषांनी कोट-टाय सोडून नव्या धर्तीचा बंद गळ्याचा पोशाख घालावा, असे फर्मान निघाले. जोसेफ-देझिरे मोबुटू स्वतः मोबुटू सेसे सेको झाले. या धोरणाला ‘अस्सलपणा’ म्हणत. पराधीन राहिलेल्या समाजाला आपली नावे परत मिळावीत, यात गैर काहीच नाही. आम्ही तर त्यातील वेदना अधिकच जाणतो. परंतु गंमत अशी, की ‘झैरे’ हा शब्दच स्थानिक भाषेतील ‘नझादी’, म्हणजे नदी, या शब्दाचा पोर्तुगीज खलाशांनी केलेला अपभ्रंश होता. अस्सलपणाच्या पाटीवरचे अक्षरही परक्याच्या उच्चारातले! आणि पाटीमागील कारभार? खाणींचे उत्पन्न सत्ताधीशांच्या परदेशी खात्यांत जात राहिले, शिक्षकांचे व शिपायांचे पगार थकत राहिले. 1997 मध्ये मोबुटू पळाले आणि नव्या राज्यकर्त्यांनी झैरे हे नाव एका दिवसात पुसले. ज्या नावासाठी लोकांनी काही मागितले नव्हते, ते जाताना कोणी रस्त्यावर आले नाही.

शेजारच्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची कथा शाळेच्या स्मरणिकेत सांगण्याजोगी आहे, कारण ती गणवेशाची कथा आहे. तेथील लष्करशहा बोकासा याने 1976 मध्ये प्रजासत्ताकाचे ‘साम्राज्य’ केले आणि 4 डिसेंबर 1977 रोजी नेपोलियनच्या थाटात स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. दरिद्री देशाच्या तिजोरीतून कोट्यवधी डॉलर त्या एका सोहळ्यावर उधळले गेले. 1979 च्या जानेवारीत राजधानी बांगीतील विद्यार्थ्यांना महागडा गणवेश सक्तीचा झाला; तो ज्या कारखान्यातून घ्यायचा तो सम्राटाच्या कुटुंबाशी संबंधित होता. ज्यांच्या घरी पाठ्यपुस्तकाला पैसे नव्हते ती मुले रस्त्यावर आली. त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एप्रिलमध्ये कित्येक मुले तुरुंगात डांबून मारली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्रेंच सैन्याच्या साहाय्याने बोकासाला पदच्युत करण्यात आले व साम्राज्याचे पुन्हा प्रजासत्ताक झाले. त्या देशात सांगो नावाची एक भाषा आहे, जी जवळजवळ सर्वांना समजते. भाषा एक असली म्हणजे समाज दुभंगत नाही, असे आपण समजतो. पण 2013 नंतर त्याच भाषेत बोलणाऱ्या मुस्लिम व ख्रिस्ती वस्त्यांनी एकमेकींची घरे जाळली.

आता आपल्या अंगणात येऊ. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू, आणि शेतात व बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड. आमचा परिसर तर पैनगंगेच्या काठचा, विदर्भ व तेलंगण यांच्या सीमेला चिकटलेला. आजही येथील आठवडी बाजारात दोन-तीन भाषा सहज कानी पडतात. अशा प्रदेशात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. काँगोतील मोजक्या पदवीधरांची गोष्ट ऐकली, की त्या कृतीचे मोल अधिक उमजते. स्वातंत्र्यानंतर लवकरच कारभारात शिरू शकणारी माणसे घडविण्याची सोय येथे सुरू झाली. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले.

त्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव राज्य विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी मंजूर केला. पुढे काय झाले हे या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी स्वतः भोगले आहे. त्याच संध्याकाळपासून मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्या पेटविल्या गेल्या. नांदेड जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. कुटुंबे रात्रीच्या अंधारात गाव सोडून गेली. वरवर पाहता वाद नावाचा होता. परंतु ज्यांची घरे जळाली त्यांतील बहुतेकांनी विद्यापीठाची कमानही पाहिली नव्हती. गायरानावर नांगर धरणारा, येसकरकी नाकारणारा, मुलाला वसतिगृहात धाडणारा माणूस गावगाड्याला खुपत होता. विद्यापीठाचे नाव हे निमित्त झाले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखालील भूमिहीनांच्या सत्याग्रहाला तेव्हा पुरती दोन दशकेही झाली नव्हती.

येथे राज्यकारभाराचा मुद्दा येतो आणि आम्ही तो स्पष्ट मांडू इच्छितो. मुंबईत ठराव मंजूर करणे एका दिवसाचे काम होते. खेड्यातील पन्नास झोपड्यांना संरक्षण देणे हे तलाठी, पोलीस पाटील, जमादार यांचे काम होते, आणि ते झाले नाही. किन्शासात नाव वरून लादले गेले आणि कारभार होता तसाच राहिला. येथे नाव खालून मागितले गेले, वर मान्यही झाले, आणि कारभाराने मधल्या पायरीवर माघार घेतली. 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, सत्याग्रहींनी तुरुंग भरले. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव झाले. जुने नाव कायम ठेवून नवे जोडले गेले, म्हणून त्याला नामांतर न म्हणता नामविस्तार म्हणतात. त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि आपल्या भागातील महाविद्यालये त्याला जोडली गेली. सोळा वर्षे ज्या नावासाठी नांदेडने किंमत मोजली, ते नाव नांदेडच्या मुलांच्या पदवीपत्रावर फार काळ आले नाही. त्याबद्दल तक्रार नाही. स्वामीजींचे नावही आपलेच आहे. पण नोंद असावी.

1994 हे वर्ष मध्य आफ्रिकेच्या इतिहासातही काळ्या अक्षरांत आहे. काँगोला लागून असलेल्या रवांडात हुटू व तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर राहत. बेल्जियन अंमलात 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याची जमात छापण्यात आली, आणि ती नोंद बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. एप्रिल ते जुलै 1994 या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. रस्त्यावरील नाक्यांवर तेच ओळखपत्र पाहून मृत्यू ठरत होता. त्यानंतर तो रकाना काढून टाकण्यात आला. काँगोच्या किवू प्रांतात रवांडी वंशाच्या रहिवाशांना 1972 च्या कायद्याने नागरिकत्व मिळाले व 1981 च्या कायद्याने ते काढून घेतले गेले. पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसणारा माणूस एका राजपत्राने परका झाला. तेथील अनेक युद्धांचे मूळ या रकान्यात आणि त्या जमिनीत आहे.

रकान्याची गोष्ट आपल्यालाही अपरिचित नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असे लिहिले, त्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळेनाशा झाल्या. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीत त्या चालू ठेवल्या, पण केंद्रातील कायद्याची दुरुस्ती होण्यास 1990 साल उजाडले. तब्बल चौतीस वर्षे! मनाने बौद्ध आणि कागदावर जुनीच नोंद, अशी दुहेरी ओळख घेऊन एक संपूर्ण पिढी शिकली, नोकरीला लागली, निवृत्तही झाली. रवांडात रकाना काढावा लागला. येथे रकाना राखून त्यातील अन्याय दुरुस्त करावा लागला. दोन्हींना एकच नियम लावणारे विद्वान आम्हांला भेटतात, तेव्हा त्यांनी दोन्हीकडची प्रवेश नोंदवही एकदा पाहावी असे वाटते.

आजही जून महिन्यात पालक मुलाला घेऊन आमच्या कार्यालयात येतात. जन्मगाव, धर्म, जात, पोटजात हे रकाने भरताना कोणी क्षणभर थांबतो, कोणी शेजारच्याला विचारतो, एखादे आजोबा जन्मगावापुढे ‘वाढोणा’ सांगतात आणि लिपिक ‘हिमायतनगर’ लिहितो. तो जुना नकाशासंग्रह आम्ही रद्दीत दिलेला नाही. आफ्रिकेचे पान तसेच आहे. ज्याने प्रश्न विचारला होता त्याच विद्यार्थ्याने ‘झैरे’ या अक्षरांखाली पेन्सिलीने आजचे नाव लिहिले आहे, आणि जुने खोडलेले नाही.