फोन लागतो, मग नेट का नाही?

२००९ च्या जानेवारीत सार्वत्रिक सेवा दायित्व निधी आणि बीएसएनएल यांच्यात करार झाला. खेड्यापाड्यांतल्या २७,७८९ एक्स्चेंजमधून, आहे त्याच तांब्याच्या तारेवर, ५१२ केबीपीएसचं ब्रॉडबँड द्यायचं ठरलं. सातारा-सांगलीच्या लाइनवर त्या काळात जे उमगलं, ते सांगतो.

१. बोलणं ऐकू येतं म्हणून लाइन चांगली समजू नका. आवाजाला ३,४०० हर्ट्झपर्यंतचा पट्टा पुरतो. तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड नेणारं एडीएसएल-२ प्लस २२ लाख हर्ट्झपर्यंत जातं, आणि वारंवारता वाढली की तारेत ती लवकर विरते. गंजलेल्या जोडातून आवाज खरखरत पोचतो, नेट मात्र तुटत राहतं.

२. अंतर तारेवरून मोजा. जत, आटपाडीकडे वस्त्या गावठाणापासून लांब, आणि केबल रस्त्याच्या कडेनं, पिलर-डीपी या जोडपेट्यांना वळसे घेत जाते. दोन किलोमीटरवर दिसणारी वस्ती तारेनं चारवर निघते. पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा जोडून ओहम मोजा. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेला किलोमीटरमागे साधारण १७० धरले की खरं अंतर हाती येतं. तीन किलोमीटरपर्यंत वेग छान मिळतो. पाचाच्या पुढे कुणाला शब्द देऊ नये.

३. लांबच्या गिऱ्हाइकाचा वेग मुद्दाम कमी ठेवा. पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्ध्यावर तुटला, तर दोन एमबीपीएसचा त्या घराला काय उपयोग? ५१२ वर बांधलेली लाइन दिवसभर टिकते. हे गिऱ्हाइकाला आधीच समजावून सांगावं. खेड्यातली माणसं ते मनापासून ऐकतात.

४. घरात आवाज आणि नेट वेगळं करणारा स्प्लिटर सगळ्यांत आधी. माडीवर, गोठ्यात ओढलेले पॅरलल फोन त्याच्या पुढे.

५. पाटण, जावळीकडे पावसाळ्यात जोडात पाणी शिरतं, म्हणून जोड मे महिन्यातच उघडून पाहावेत. जतकडे वळवाच्या विजा मोडेम जाळतात. तिथली जमीन कोरडी, म्हणून अर्थिंग नीट लागावं यासाठी त्याच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून उन्हाळाभर पाणी ओतत राहावं लागतं.

६. लाइनमनला सोबत घ्या. कोणता जोड कुणाच्या बांधाखाली आहे, हे नकाशात क्वचितच असतं, त्याच्या डोक्यात असतं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीनं बाहेर पडले. त्यांतले कितीतरी लाइनमन आजही आपापल्या गावी आहेत. त्यांना गाठा, केबलच्या वाटेनं त्यांच्याबरोबर चाला आणि प्रत्येक जोड वहीत उतरवून घ्या.