आधी करवंटी, मग माकड

परवा रात्री साडेदहाला शेजारची सूनबाई दारात उभी. "काकू, पिवळी लोकर असेल का हो?" तिच्या लेकाला दुसऱ्या दिवशी शाळेत सिंह न्यायचा होता. लेक साडेचार वर्षांचा, नऊ वाजताच झोपलेला. लोकर नव्हती, पण माझ्या जुन्या पडद्याची झालर सिंहाची आयाळ म्हणून खपून गेली. सिंहाला वर्गात शाबासकी मिळाली म्हणे. नेमकी कुणाला मिळाली, हे मी काही विचारलं नाही.

तिला हसण्याचा मला अधिकार नाही. मुलं लहान होती तेव्हा अशा पुष्कळ रात्री मीही काढल्यात. आता नातीबरोबर बसते तेव्हा कळतं, आपलं गणित सुरुवातीलाच चुकतं. आधी प्राणी ठरवतो आपण. आज सिंह करायचा! मग सिंहाला लागणारं सामान, त्यासाठी बाजार, तिथून हलत्या बुबुळांचे डोळे, चमकीचे कागद. सगळं जमलं की पोरगं म्हणजे हातात कागद धरून बसणारा मदतनीस. तुम्ही एकदा उलटं करून पाहा. आधी घरातली वस्तू मुलापुढे ठेवा, प्राणी त्याला शोधू द्या.

नारळाचंच घ्या. शेंडी काढल्यावर वरच्या टोकाला तीन खळगे दिसतात. त्यांना आपण नारळाचे डोळे म्हणतो. माझी चार वर्षांची नात ती करवंटी हातात घेऊन म्हणाली, "आजी, हा बघ ओरडतोय!" दोन डोळे आणि उघडं तोंड. काही शतकांपूर्वी पोर्तुगीज खलाशांनाही त्यात असाच वेडावून दाखवणारा चेहरा दिसला होता, आणि म्हणून त्यांनी या फळाला 'कोको' म्हटलं. इंग्रजीतलं नाव तिथूनच आलं. म्हणजे माकड करवंटीत आधीपासून होतंच, फक्त कान लावायचे राहिले होते.

कान तिने लावले. दोन्ही एकाच बाजूला.

माझे हात शिवशिवले. ती पाणी प्यायला गेली तेवढ्यात मी एक कान सोडवून पलीकडे चिकटवला. परत येऊन तिने पाहिलं. रडली नाही, काही नाही. "हे तुझं माकड आहे," एवढं म्हणून ठोकळे खेळायला निघून गेली. संध्याकाळी बाबाला सांगताना मी ऐकलं, त्या माकडाला स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी ऐकायची होती. स्वयंपाकघर ज्या बाजूला, त्याच बाजूला कान!

तेव्हापासून मी हात पदराखाली ठेवते.

सगळ्यात सोपं साहित्य तर रोज आपल्या परातीत असतं. पोळ्या करताना लिंबाएवढी कणीक मुलाला दिली की चिमणी होते, हे आपल्या आयांना कुणी शिकवलं नव्हतं. चिमटीत धरून चोच ओढायची, डोळ्याला मिरी. टिकाऊ हवं असेल तर दोन वाट्या मैद्याला एक वाटी बारीक मीठ घ्या आणि पाणी बेताबेताने घालत घट्ट मळा. लागलंच तर चिमूटभर हळद. बाहुलीएवढं जाड काही करू नका, आतून ओलं राहतं. सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, कडक उन्हात तडे जातात. मीठ फार असतं, तेव्हा हे पोटात जाणार नाही याकडे लक्ष हवं. पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून ही मंडळी मऊ पडतात. मागच्या श्रावणात आमच्या हत्तीची सोंड अशीच हळूहळू लोंबत गेली.

चिकटवायला विकतचा गोंद हवाच असं नाही. दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिलं, की खळ तयार. पूर्वी कीड लागू नये म्हणून बाइंडिंगवाले तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, पोरांच्या खळीत मुळीच नको. त्यापेक्षा रोज ताजी करा. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणं, मिरी, टिकल्या, चिंचोके, पिस्त्याची टरफलं दूरच ठेवा, सगळं आधी तोंडात जातं. कात्री बोथट टोकाची द्या आणि कागदाचे नुसते तुकडे करू द्या. रेघेवरून कापायची घाई नको.

आणि प्राणी हुबेहूब दिसावा हा हट्ट कशासाठी? पोळ्याला आपण पाटावर मातीचे बैल मांडतो, त्यांचे पाय म्हणजे चार खुंट. गुडघे नाहीत, खूर नाहीत. पण वशिंड आहे, शिंगं आहेत, बस्स, बैल झाला. विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल ओढत नेतात, त्याला तर खाली चाकं असतात! चाकांचा बैल कसा, असं कुणी विचारत नाही. एकेका प्राण्याची एकच खूण पुरते, आणि ती मुलांना आपल्याआधी कळते. शेंगेच्या टरफलाला शेपूट लावली की उंदीर. कुंकवात अंगठा बुडवून कागदावर उठवला आणि खाली पाय काढले की लाल किडा. (हळदीचा ठसा उठवायचा असेल तर मुलाला जुनाच सदरा घाला, नाहीतर दुपारभर धुणं.)

ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं तिथे परवडणार नव्हती. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं अशा आसपासच्या वस्तू साधनं झाल्या. आपल्या घरात तर काडेपेट्या, दोऱ्याची रिळं, कणसाची सालं, लग्नपत्रिका असं कितीतरी पडलेलं असतं. एक खोका करून त्यात टाकत जा. खोका मुलाच्या हाताला येईल असा ठेवा, माळ्यावर नको. आमच्याकडे पहिल्या दिवशी तासभर फक्त खोका उलटा करणं आणि परत भरणं एवढंच चाललं होतं. मी ते हस्तकलेतच धरते.

एक प्रश्न मात्र गिळायला शिका: "हे काय आहे?" तीन वर्षांचं मूल पुष्कळदा आधी करतं आणि मग नाव देतं. सकाळचा कुत्रा संध्याकाळी होडी होतो. तुम्ही नाव मागितलं की ते तुमच्या तोंडाकडे बघून, तुम्हाला आवडेल तेच सांगतं. नुसतं जवळ बसा, भाजी निवडा. दहा मिनिटांत कंटाळलं तर उठू द्या.

आमचं माकड खिडकीतच होतं. आठवडाभर नातीने त्याच्याकडे पाहिलं नाही. मग एका दुपारी खळीची वाटी मागितली. मी लावलेला कान तिने काढला नाही. मूळच्या जागी, स्वयंपाकघराच्या बाजूला, पत्रिकेच्या तुकड्याचा आणखी एक कान चिकटवला आणि करवंटी परत खिडकीत ठेवून दिली.