एक कळफलक, दोन भाषा

टंकलेखन यंत्रात कळ आणि ठसा दांड्यांनी जोडलेले असत. त्यामुळे एका कळेने एका स्थितीत एकच अक्षर उमटे, आणि दोन लिप्यांसाठी बहुधा दोन यंत्रे ठेवावी लागत. संगणकाने हा सांधा तोडला. कळ दाबली असता त्याला केवळ कळेचा संकेत मिळतो. त्याचे अक्षर कोणते करावयाचे, हे त्या वेळी निवडलेली भाषा ठरविते. ह्या सोयीतूनच एक नवी अडचण उत्पन्न झाली.

भारतीय लिप्यांसाठी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण ठरविली. तीत स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. मराठीचा 'क' ज्या कळेवर, त्याच कळेवर गुजराती, बांगला आणि तेलुगू लिप्यांतील 'क' असतो. बहुभाषी देशात हा लाभ लहान नव्हे.

परंतु इंग्रजी अक्षरांच्या जागांशी ह्या मांडणीचा उच्चाराच्या दृष्टीने संबंध नाही. इंग्रजी 'एच'च्या कळेवर 'प', 'ई'च्या कळेवर काना आणि 'एन'च्या कळेवर 'ल' आहे. म्हणून मराठी निवडलेली असताना कोणी कोंबडी ह्या अर्थाचा 'हेन' हा इंग्रजी शब्द टंकित केला, तर पडद्यावर 'पाल' उमटते! उलटपक्षी, इंग्रजी निवडलेली असताना 'भारत' लिहू गेल्यास वाय, ई, जे, एल अशी निरर्थक अक्षरे मिळतात. निरर्थक शब्द तत्काळ डोळ्यांत भरतो. 'पाल' मात्र शुद्धलेखन तपासणीतूनही निसटू शकते.

हा दोष केवळ हाताचा नव्हे. सराईत हात सवयीने चालतो, लक्ष मजकुरात गुंतलेले असते, आणि निवडलेल्या भाषेची खूण पडद्याच्या कोपऱ्यात असते. अमेरिकन रचनाकार जेफ रास्किन ह्यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात अशा चुकांची मीमांसा केली आहे. मोठ्या लिपीसाठी दाबून धरलेली कळ बोटाला जाणवत राहते, म्हणून तिचा विसर पडत नाही. एकदा दाबून सोडलेल्या कळेने बदललेली अवस्था मात्र ध्यानातून जाते. परवलीचा शब्द लिहिताना तर केवळ ठिपके दिसतात, त्यामुळे चूक कळतही नाही.

ह्यात मांडणीच्या उणिवेची भर पडते. रूढ इन्स्क्रिप्ट मांडणीत प्रश्नचिन्हाच्या जागी नुक्ता असलेला 'य' आहे. परिणामी, पुष्कळ संगणकांवर प्रश्नचिन्हासाठी इंग्रजीत जाऊन परतावे लागते. अशा त्रासाला कंटाळून अनेक जण मराठीच रोमन लिपीत लिहितात. मग 'काल', 'काळ' आणि 'कल' बहुधा एकाच रूपात दिसतात आणि अर्थ वाचकाने ताडावा लागतो.

उपाय आहे. एकच कळ आळीपाळीने भाषा बदलीत असेल, तर आधीची भाषा आठवणे भाग पडते. प्रत्येक भाषेला स्वतंत्र कळ दिली की हे ओझे उतरते. अ‍ॅपलच्या जपानी कळफलकावर मोकळ्या जागेच्या कळेच्या दोन्ही बाजूंस अशा दोन कळा असतात. अनेक संगणकांवर प्रत्येक भाषेसाठी वेगळा कळसमूह नेमता येतो. मराठी हवी तेव्हा मराठीची कळ दाबावी. आधी कोणतीही भाषा असो, फल एकच मिळते.

स्वतः करून पहा : इन्स्क्रिप्टमध्ये आपले नाव ज्या कळांनी उमटते, त्याच कळा इंग्रजी निवडून दाबा. मिळालेली अक्षरे क्रमाने लिहा आणि प्रत्येक कळेची दोन्ही कार्ये ओळखा.