दावा मुदतबाह्य होता. निवाड्याला आव्हान देता येईल?

प्रश्न : माझ्या ट्रेडिंग खात्यातला शेवटचा व्यवहार जून २०१८ मधला. फ्युचर्समधल्या तोट्यापोटी येणे निघते, असे सांगत ब्रोकरने थेट मार्च २०२४ मध्ये लवादाची नोटीस पाठवली. दावा मुदतबाह्य असल्याचे मी लेखी उत्तरात मांडले होते. तरी निवाडा माझ्याविरुद्ध गेला. एवढ्या मुद्द्यावर न्यायालयात जाता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जाता येईल. मात्र मुदत जशी ब्रोकरच्या दाव्याला असते, तशी तुमच्या अर्जालाही असते, आणि तुमची अधिक कडक आहे. म्हणून आधी तिच्याविषयी.

लवाद आणि सामंजस्य कायदा, १९९६ च्या कलम ३४ खाली निवाडा रद्द करण्याचा अर्ज निवाड्याची सहीची प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांत करावा लागतो. सबळ कारण दाखवले तर न्यायालय आणखी ३० दिवस देऊ शकते. त्यापुढे एक दिवसही नाही. पॉप्युलर कन्स्ट्रक्शन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच हे स्पष्ट केले. प्रत कधी हाती आली याचा पुरावा, म्हणजे पाकीट किंवा ईमेल, जपून ठेवा.

आता ब्रोकरचा दावा. कलम ४३ प्रमाणे १९६३ चा मुदतीचा कायदा लवादालाही लागू होतो. अशा येण्याला साधारण तीन वर्षे मिळतात, आणि लवादाची मागणी तुमच्यापर्यंत पोचली त्या दिवशी कारवाई सुरू झाली असे धरतात. जून २०१८ पासून तीन वर्षे म्हणजे जून २०२१. पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला आहे. मार्च २०२० मध्ये सुमारे सव्वा वर्ष शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून मोजले, तर मुदत २०२३ च्या मे-जूनमध्ये संपते. म्हणजे मार्च २०२४ ची नोटीस उशिराची ठरते.

ब्रोकर यावर दोन गोष्टी म्हणू शकतो. एक, तुम्ही मधल्या काळात येणे कबूल केले. त्यासाठी मुदत संपण्यापूर्वीचा, तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो; त्याने स्वतःच लेजरमध्ये टाकलेली व्याजाची नोंद ही तुमची कबुली नव्हे. दोन, हे दोन्ही बाजूंचे चालू खाते होते. तसे ठरले तर मुदत शेवटच्या नोंदीच्या वर्षअखेरीपासून मोजतात आणि सगळा हिशेब पुढे सरकतो. नुसत्या पत्रव्यवहाराने किंवा तडजोडीच्या बोलण्याने मात्र मुदत वाढत नाही.

निवाडा पुन्हा वाचा आणि मुदतीविषयी लवादाने काय लिहिले ते शोधा. पी. आर. शाह शेअर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, कलम ३४ खाली न्यायालय अपिलात बसत नाही, पुरावा नव्याने तोलत नाही. लवादाने कागद पाहून, कारणे देऊन दावा मुदतीत धरला असेल, तर तुमची बाजू अवघड आहे. तुमच्या हरकतीवर त्याने एक ओळही लिहिली नसेल किंवा कबुलीचा कागद नसताना मुदत वाढवली असेल, तर ‘उघड बेकायदेशीरपणा’ हा आधार तुम्हाला घेता येतो.

अर्ज केल्याने वसुली आपोआप थांबत नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो आणि न्यायालय रक्कम भरायला सांगू शकते.

‘ही तांत्रिक पळवाट आहे’ असे कोणी म्हटले तर मनाला लावून घेऊ नका. सहा वर्षांनी साध्या गुंतवणूकदाराजवळ ना फोनवरच्या ऑर्डरचे रेकॉर्डिंग उरते, ना जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा. ज्याच्याकडे सगळे दप्तर असते त्याने वेळेत दावा करावा, हा साधा न्याय आहे. निवाडा, तुमचे लेखी उत्तर, लेजर आणि बँकेचा उतारा घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जा.