आखाजीचा करार

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण माहेरी जळगावला आली, सोबत भाचा. तो धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डर आहे. मी आयुष्यभर कामगारांचे खटले चालवले, म्हणून जेवण होताच त्याने मालकाने दिलेला कराराचा कागद पुढे केला.

भाचा : मामा, तीन वर्षं बोलीवर काम केलं. सही नसेल तर करार होतच नाही का?

मी : होतो. १८७२ चा करार कायदा तोंडी बोलणंही मानतो; अडतं ते पुराव्यापाशी. आपली सालदारी आठव, वर्षाच्या बोलीवरची शेतातली चाकरी. आखाजीला साल ठरायचं, ते पुढच्या आखाजीपर्यंत. रक्कम, उचल, कुठे धान्य-कपडे, सगळं चार माणसांसमोर. उचल फिटता फिटत नसे, त्या दिवसांचं मी कौतुक करणार नाही. पण साल कधी संपतं हे सालदाराला ठाऊक असायचं. तुझं कधी संपतं?

भाचा : माहीत नाही. ओव्हरटाइमही मालकच वहीत लिहितो.

मी : मग तेच कागदावर आण. रोज किती, तास किती, खाडा कसा कापणार, उचल किती बाकी.

भाचा : आम्ही चौघंच आहोत तिथे.

मी : नियुक्तीपत्राची सक्ती दहा कामगारांपासून पुढे आहे. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता चौघांनाही लागते. किमान वेतन, ओव्हरटाइमला दुप्पट दर, आणि काम सोडलं की कामाच्या दोन दिवसांत हिशेब.

भाचा : अंगावर वीस हजार उचल आहे. फिटेपर्यंत जायचं नाही, असं लिहिलंय.

मी : पैसे फेडायचेच. पगारातून कापता येतात, पण सगळी कपात मिळून निम्म्या पगारावर जाऊ शकत नाही. उचलीपायी माणूस अडकवणं मात्र १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने गुन्हा आहे. ही ओळ खोड.

भाचा : सोडल्यावर दोन वर्षं धुळ्यात दुसऱ्या शॉपला लागायचं नाही, ही?

मी : तीही. करार कायद्याचं कलम २७ अशी अट मानत नाही. नोकरीत असताना दुसरीकडे जाऊ नको, एवढं मालक म्हणू शकतो. आणि प्रती दोन कर, एक तुझ्याजवळ.

त्याने पेन मागितला, उचलीचा आकडा लिहिला आणि थांबला.

भाचा : मामा, दिवाळीला पाच हजार फेडले होते. ते कुठेच लिहिलेले नाहीत.