पडद्यावरचा बहुरूपी आणि आपली जोडाक्षरे

गावात येणारा बहुरूपी तुमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला असेल. कधी तो हवालदार होई, कधी सावकार, आणि पाहणाऱ्याने क्षणभर दचकावे इतके बेमालूम सोंग वठवी. संगणकाच्या जगातही असाच एक बहुरूपी आहे. त्यास टर्मिनल इम्युलेटर म्हणतात. तो एका जुन्या यंत्राचे सोंग आणतो. ते यंत्र आज बहुतेक ठिकाणी अडगळीत गेले आहे. सोंग मात्र रोज कोट्यवधी लोकांच्या कामी येते. या सोंगात दोष कसे निघतात, ते कसे दुरुस्त होतात आणि त्यांत आपल्या लिपीचा संबंध कोठे येतो, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

पूर्वी संगणक हे एका खोलीत मावणारे मोठे यंत्र असे आणि त्याच्याशी बोलण्यासाठी दूरवर पडदा व कळफलक असलेले साधे उपकरण ठेवीत. तेच टर्मिनल. १९८०च्या दशकाच्या मध्यास रेल्वेचे संगणकीकृत आरक्षण दिल्लीत सुरू झाले, तेव्हा खिडकीपाशी बसलेल्या कारकुनापुढे असेच उपकरण होते. आपली हुबळी ही नैर्ऋत्य रेल्वेच्या मुख्यालयाची नगरी असल्यामुळे हे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. या उपकरणांपैकी सर्वांत नावाजलेले म्हणजे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली बाजारात आणलेले व्हीटी-१००. त्याच्या पडद्यावर २४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे, म्हणजे एकंदर १९२० घरे असत. ८० हा आकडा आला कोठून? १९२८ साली आयबीएमने काढलेल्या छिद्रांच्या कार्डावर ८० रकाने होते, तीच परंपरा पुढे चालली. १९८४ साली एक्सटर्म नावाचा प्रोग्रॅम लिहिला गेला आणि पुढे त्याने व्हीटी-१००चे सोंग उत्तम वठवले. १९९६ पासून थॉमस डिकी हे गृहस्थ त्याची देखभाल करीत आले आहेत.

टर्मिनलकडे येणारा मजकूर म्हणजे अंकांची एक अखंड माळ असते. बहुतेक अंक अक्षरांचे; पण २७ हा अंक आला, की टर्मिनलने सावध व्हावे, पुढे आज्ञा येत आहे असे समजावे. रंग बदला, अमुक ओळीवर जा, पडदा पुसा, अशा या आज्ञा असतात. नाटकाच्या संहितेत संवाद आणि कंसातील सूचना एकत्र लिहिलेल्या असतात. नटाने सूचना पाळायची असते, वाचून दाखवायची नसते. टर्मिनलचेही तसेच.

आता एक दोष पाहू. इंग्रजीत दोषास बग म्हणजे किडा म्हणतात, आणि हा किडा फार लबाड आहे. समजा, एका टर्मिनलवर मराठी मजकूर नीट दिसतो, परंतु मधूनच एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह उमटते. तोच मजकूर पुन्हा पाहिला तर ते नाहीसे झालेले असते. इंग्रजी मजकुरात हे कधीच घडत नाही. असा दोष पुढे आला, की अननुभवी मनुष्य टंकाला, म्हणजे अक्षरांच्या वळणाला, दोष देतो. जाणता मनुष्य आधी एकच प्रश्न विचारतो: हा दोष हुकमी घडवून आणता येईल काय?

त्यासाठी थोडे गणित लागते. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली यूटीएफ-८ ही पद्धत आखली. तीत इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो, देवनागरी अक्षरास तीन लागतात. आपल्या ‘क’चे तीन बाइट २२४, १६४ आणि १४९ असे आहेत. टर्मिनल हे बाइट एकेक घेत नाही. घागर बुडवून पाणी काढावे तसे एकदम काढते, आणि पुष्कळदा ती घागर ४०९६ बाइटांची असते. ४०९६ला ३ने भागा. भागाकार १३६५, बाकी १. म्हणजे सलग १३६६ वेळा ‘क’ पाठविला आणि घागर काठोकाठ भरली, तर १३६६व्या ‘क’चा पहिला बाइट पहिल्या घागरीत येतो आणि उरलेले दोन दुसऱ्या. निष्काळजी प्रोग्रॅम पहिल्या घागरीतला तो एकटा बाइट निरर्थक समजतो आणि प्रश्नचिन्ह काढतो. इंग्रजी अक्षर एकाच बाइटाचे, ते दुभंगणार कसे? दोष अधूनमधून का दिसत होता, इंग्रजीत का दिसत नव्हता, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या एका बाकीत सापडतात.

दुरुस्ती आता सोपी वाटेल: अपुरे बाइट बाजूला ठेवावेत आणि पुढच्या घागरीची वाट पाहावी. परंतु पुढचा बाइट त्या अक्षराचा नसलाच तर? अक्षराचे पुढचे बाइट १२८ ते १९१ यांच्या दरम्यानच असतात. त्याबाहेरचा बाइट आला, तर अपुरे अक्षर सोडून देऊन नवे अक्षर धरले पाहिजे; नाहीतर एका तुटक्या अक्षरापायी पुढचा चांगला मजकूरही बिघडेल. ही दुसरी बाजू लिहिल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही. मग ती १३६६ ‘क’ची परीक्षा कायमची जपून ठेवायची आणि प्रोग्रॅममध्ये काहीही बदल झाला की ती पुन्हा घ्यायची. जुन्या टर्मिनलच्या आज्ञा पारखण्यासाठी तर व्हीटीटेस्ट नावाचा एक स्वतंत्र परीक्षक प्रोग्रॅमच आहे, आणि १९८०च्या दशकापासून तो टर्मिनलांची परीक्षा घेत आहे.

याहून अवघड दोष घरांचा आहे. गणिताची चौकटींची वही घ्या आणि एका चौकटीत एकच अक्षर या नियमाने आपल्या शहराचे नाव लिहा. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटक शासनाने हुबळीचे नाव हुब्बळ्ळी असे केले. कानाला दोन्ही नावांत तीनच अक्षरे ऐकू येतात: हु-ब-ळी आणि हु-ब्ब-ळ्ळी. संगणक मात्र उकार, वेलांटी आणि हलन्ताचा पाय यांना निरनिराळी चिन्हे मानतो. म्हणून ‘हुबळी’त ५ चिन्हे आणि ‘हुब्बळ्ळी’त ९. टर्मिनलचा रूढ हिशेब तिसराच आहे: उकार व हलन्त यांना घर नाही, परंतु काना आणि वेलांटी यांना एकेक स्वतंत्र घर. त्यामुळे ‘हुबळी’ला ४ घरे मिळतात आणि ‘हुब्बळ्ळी’ला ६. एकाच नावाचे बाइट २७, चिन्हे ९, घरे ६ आणि अक्षरे ३!

याचा परिणाम पाहा. एखाद्या प्रोग्रॅमने गाड्यांचे वेळापत्रक छापताना स्थानकाच्या नावासाठी १२ घरांचा रकाना आखला आणि चिन्हे मोजून रिकाम्या जागा भरल्या. ‘धारवाड’मध्ये ६ चिन्हे, म्हणून ६ जागा, टर्मिनलवरही त्याला ६च घरे लागतात, तेव्हा रेघ बरोबर येते. ‘हुब्बळ्ळी’त ९ चिन्हे, म्हणून ३ जागा, परंतु टर्मिनल ६च घरे देते. ६ आणि ३ मिळून ९ झाले आणि रकान्याची रेघ तीन घरे अलीकडे सरकली. नुसत्या नामांतराने तक्ता वाकडा झाला.

चूक कोणाची? आमच्या मते येथे एकाला दोष देणे व्यर्थ आहे. उद्या टर्मिनलच्या कर्त्याने ‘हुब्बळ्ळी’ला डोळ्यांना पटतील अशी तीन घरे दिली, तर पडद्यावर नाव सुबक दिसेल, परंतु पलीकडे चाललेला प्रोग्रॅम सहाच घरे धरून चालेल, आणि मग आपण एक अक्षर खोडू जाता भलतेच खोडले जाईल. एकाच घड्याळावर चालणाऱ्या दोन गावांपैकी एकाने आपले घड्याळ, अचूक का होईना, एकट्यानेच पुढे केले तर गाडी चुकणारच.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच झाला आहे. भारतीय लिपींसाठी जिस्ट हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत आकारास आले आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर तेथे वाढले. संगणकात एक कार्ड बसवावे आणि इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांतूनही देवनागरी वा कन्नड अक्षरे उमटावीत, अशी ती युक्ती होती. त्याच काळात इस्की ही अक्षरसंहिता आखली गेली. युनिकोडने भारतीय लिपींची मांडणी तिच्यावरूनच घेतली. म्हणून आजही देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५ आणि कन्नड ‘क’चा ३२२१, फरक ८९६. ‘ख’, ‘ग’, ‘म’, कोणतेही समान अक्षर घ्या, फरक ८९६च. दोन लिपींच्या पाट्या शेजारीशेजारी वाचणाऱ्या आपल्या गावच्या मुलांना हे सख्य आवडावे.

अलीकडे काही प्रगती झाली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने देवनागरी जोडाक्षर हे एकच अखंड अक्षर धरण्याचा नियम केला. पूर्वी ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत, आता ते एक अक्षर ठरते. परंतु त्या अक्षराला किती घरे द्यावीत, हे तो नियम सांगत नाही. कोविद गोयल यांच्या किटी या टर्मिनलने २०२५ साली निराळी वाट काढली: पलीकडच्या प्रोग्रॅमनेच टर्मिनलला सांगावे, की या मजकुराला इतकी घरे द्या. दोघांनी वेगवेगळे अंदाज करण्यापेक्षा एकाने स्पष्ट बोलावे, हे आम्हांस अधिक शहाणपणाचे वाटते. अर्थात ही नवी आज्ञा इतर टर्मिनलांनी स्वीकारली तरच.

नव्या सोयी जोडताना हीच अडचण येते. एक उदाहरण देतो. दुसरीकडून उचललेला मजकूर टर्मिनलमध्ये चिकटविला आणि त्यात ओळ संपल्याची खूण असली, तर आपण वाचण्यापूर्वीच ती आज्ञा अमलात येते. ती आज्ञा फायली पुसणारी असली तर किती अनर्थ! यावर उपाय निघाला, तो असा: चिकटविलेल्या मजकुराच्या आधी २०० आणि नंतर २०१ या अंकांची खूण टर्मिनल घालते, म्हणजे पलीकडच्या प्रोग्रॅमला हे हाताने टाइप केलेले नव्हे असे कळते. परंतु ज्या जुन्या प्रोग्रॅमला ही खूण ठाऊक नाही, त्याच्यापुढे ती कचऱ्यासारखी पडेल. म्हणून प्रोग्रॅमने आधी ही सोय मागावी आणि मगच टर्मिनलने ती द्यावी, असा संकेत ठरला.

यांतील बहुतेक प्रोग्रॅमांचा मूळ मजकूर सर्वांना खुला असतो आणि दोष कळविण्यास वयाची अट नसते. जोडाक्षर कोठे फुटते, हे ज्याला ती लिपी वाचता येते त्यालाच दिसणार. तुमच्यापैकी कोणास असा दोष आढळला, तर ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच लिहू नये. कोणता शब्द, कोणत्या टर्मिनलच्या कितव्या आवृत्तीत, काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते, हे लिहावे. आणि तो शब्द शक्य तितका लहान करून पाठवावा. ‘ब्ब’ने काम भागत असेल, तर ‘हुब्बळ्ळी’ही नको.